कबरीवरचं दगडफूल

आज सकाळी बसच्या थांब्यावर उभी होते, तेव्हा समोरच्या राउंडअबाउटवर नगरपालिकेची माणसं यंत्राने गवत कापत होती. एप्रिलचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. कापलेल्या गवताचा वास रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत आला. ओला, हिरवा, किंचित गोड. इथे अमिरातीत, अल ऐनमध्ये बागा पुष्कळ आहेत, खजुराची बनं आहेत, पण त्यांच्या कडेला वाळू कायम दबा धरून बसलेली असते. म्हणून हा वास इथे पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच लवकर जातो. तो आला की माझे डोळे आपोआप मिटतात. वाटेल की मला वसईची आमची वाडी आठवत असेल, जिथे मी लहानाची मोठी झाले. पण तो वास मला नेतो दूर इंग्लंडातल्या एका जुन्या कब्रस्तानात, जिथे मी उभ्या आयुष्यात फक्त एक दिवस होते.

मी फार शिकलेली नाही. चौथी झाली आणि आईने हातात फुलांची टोपली दिली. मोगरा, झेंडू, थोडी केळी, आणि कडेला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं आमचं लहानसं तळं, एवढंच माझं जग होतं. चारचौघांत बोलायची मला तेव्हापासून धास्ती. चर्चमध्येसुद्धा मी मागच्या बाकावर बसते. जे बोलायचं ते मनात बोलते, आणि अलीकडे या वहीत लिहिते. ही वही मला मॅडमनी दिली होती, तीही झाडांसाठी. कोणत्या कुंडीला कधी पाणी घातलं, कधी खत दिलं, ते तुझ्या अक्षरात लिहीत जा, म्हणाल्या. अर्धी वही झाडांनी भरली आणि मग उरलेली पानं माझी झाली. ती कोणी वाचेल असं वाटत नाही. वाचलीच, तर वाचणारी बाई माझ्यासारखीच गप्प असेल, असं धरून लिहिते.

मॅडम म्हणजे मी जिच्या घरी दहा वर्षं काम केलं ती इंग्रज बाई. माझा नवरा वारल्यावर मी इकडे आले ती थेट तिच्याच दारात. इथल्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे साहेब पाण्यासाठी विहिरी शोधणारे इंजिनियर होते, ते मी यायच्या आधीच गेले. शहराबाहेर ख्रिस्ती लोकांचं कब्रस्तान आहे. चारी बाजूंनी भिंत, एक फाटक, आत वाळू आणि वाळूत रांगेने कबरी. तिथे साहेबांना पुरलेलं. मॅडमना झाडांचं वेड होतं. प्रत्येक कुंडीत पत्र्याची एक पट्टी रोवलेली, तिच्यावर खिळ्याने कोरलेलं झाडाचं नाव. मी हसले की म्हणत, "ज्याचं नाव माहीत आहे त्याला पाणी घालायला माणूस विसरत नाही." आमची भाषा म्हणजे त्यांचं सोपं इंग्रजी, माझी मोडकी हिंदी आणि मध्ये मध्ये अरबी, यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं, हबीबी म्हणजे लाडके. पण इथे मी सगळं माझ्या मराठीत लिहिते आहे.

मॅडम थकल्या तसा त्या घरात एक प्रश्न फिरायला लागला, आणि तो जेवणाच्या टेबलावर कोणी काढत नसे. त्यांना पुरायचं कुठे? त्यांची एकुलती मुलगी अबू धाबीजवळ खलिफा सिटीत राहते, मोठ्या ऑफिसात आहे. मी तिला छोट्या मॅडम म्हणते. छोट्या मॅडमचं म्हणणं, इंग्लंडात आपल्या घराण्याची जुनी कबर आहे, आजी तिथे आहे, पणजी तिथे आहे, एक जागा शिल्लक आहे, तीच ममीची. मॅडम हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. एकीकडे आई हिरव्या झाडांखाली, दुसरीकडे नवरा उघड्या वाळूत, आणि माणूस तर एकच. शेवटी तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये छोट्या मॅडमनी तिकिटं काढली. ममीने ती जागा एकदा डोळ्यांनी पाहिली की प्रश्न मिटेल, असा त्यांचा अंदाज. मॅडमना व्हीलचेअर लागायची, म्हणून मीही गेले.

ते कब्रस्तान मी कसं सांगू? फाटक एखाद्या राजवाड्याचं असावं तसं, काळं, लोखंडी, वर टोकदार कळस. आत शिरलो आणि मला वाटलं आपण चुकून कुणाच्या बागेत आलो. दुतर्फा उंच झाडं, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, आणि खाली हिरवा अंधार. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे मुद्दाम असं बांधलं, मॅडम सांगत होत्या. शहरातली गर्दीची, घाणीची कब्रस्तानं सोडून मेलेल्यांसाठी एक बाग करायची, आणि जिवंत माणसांनीही तिथे फिरायला यायचं. आणि खरंच लोक फिरत होते. एक बाई बाळाची गाडी ढकलत चालली होती. एक म्हातारं जोडपं बाकावर बसून डब्यातलं खात होतं. कोणी रडत नव्हतं, कोणी घाईत नव्हतं. वाट वळणं घेत टेकडीवर चढत होती आणि प्रत्येक वळणावर दगडाचं काहीतरी उभं. मान झुकवलेले देवदूत, अर्ध्यावर मोडल्यासारखे कोरलेले खांब, दगडाच्या कलशावर दगडाचंच वस्त्र, आणि त्या वस्त्राच्या चुण्या इतक्या हुबेहूब की वारा आला तर हलतील असं वाटावं. सगळ्यांवर वेली चढलेल्या. गुडघाभर गवतात घंटीच्या आकाराची जांभळी फुलं. आदल्या दिवशी कडेचं गवत कापलेलं होतं, आणि सगळ्या बागेवर तो वास पसरला होता.

मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात आणि वजाबाकीही येते. मी व्हीलचेअर ढकलत होते आणि जाता जाता दगडांवरची सालं वाचून मनात वजाबाकी करत होते. हा म्हातारा होऊन गेला. ही तिशीत. हे मूल चार वर्षांचं. त्या मुलाच्या दगडावर एक निजलेलं कोकरू कोरलं होतं, त्याची पाठ पावसाने गुळगुळीत झाली होती. चार वर्षांचं मूल, दीडशे वर्षांपूर्वी गेलेलं, त्याच्या आईबापांना ओळखणारंसुद्धा आज कोणी नाही, आणि तरी त्याची जागा त्याचीच होती. मी तिथे थांबले. मॅडमनी मागे वळून पाहिलं.

आमच्याकडे असं नसतं. आमच्या गावात जमीन थोडी आणि माणसं फार. कबर काही वर्षं तुमची, मग ती दुसऱ्यासाठी उघडतात आणि पहिल्याची हाडं भिंतीलगतच्या सामाईक खड्ड्यात जातात. हीच रीत आहे. त्यात कुणावर अन्याय नाही, आजोबांच्या वेळेपासून तसंच चालत आलंय. माझ्या नवऱ्याच्या कबरीतही आता दुसरं कोणी आहे. सुट्टीवर गेले तेव्हा तिथे नवं नाव पाहिलं, मेणबत्ती त्याच्यासाठी लावली आणि परत आले. तोवर मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दगडाच्या कोकरापुढे पहिल्यांदा वाटलं.

घराण्याची कबर टेकडीच्या उतारावर एका काळपट, दाट झाडाखाली होती. एकच मोठा दगड, त्यावर मॅडमची पणजी, आजी, आई अशी तीन नावं, आणि खाली मोकळी जागा. मायलेकी बाकावर बसल्या आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. आपण मध्ये नसावं म्हणून मी कबरीकडे गेले. दगड बघून माझा जीव गलबलला. अंगभर राखाडी, पिवळे, हिरवट चट्टे. आमच्याकडे मृतांच्या दिवसाआधी आठवडाभर घरोघरच्या बायका बादल्या घेऊन कब्रस्तानात जातात, दगड घासून लख्ख करतात, कठड्याला चुना काढतात. घाणेरडी कबर म्हणजे घरच्यांची लाज. कबरीला रिकाम्या हाताने जायची मला सवय नाही, म्हणून पिशवीत मेणबत्ती होती आणि हॉटेलातून निघताना बरोबर घेतलेली घासणी होती. बाटलीतलं पाणी ओतलं आणि पायथ्यापासून घासायला लागले. तिथे चट्टे सगळ्यांत दाट होते. थोडं घासल्यावर लक्षात आलं की हे तर दगडफूल. मसाल्यात घालतो तेच, किंवा त्याची बहीण. दगडफूल टाकून द्यायला हात धजेना. कागदाची पुडी केली आणि निघेल तसं तिच्यात जमा करत गेले.

"नो, नो, प्लीज!"

हिरवं जाकीट घातलेला एक म्हातारा उतारावरून जवळजवळ धावत आला. ही बाग सांभाळायला काही लोक हौसेने येतात, त्यांतला तो. तो भराभर बोलत होता, मला एक शब्द कळेना. छोट्या मॅडम उठून आल्या, त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ही जुनी, जपलेली जागा आहे," त्या मला म्हणाल्या. "इथे काही घासायचं नसतं. हे वाढायला शंभर वर्षं लागतात, म्हणतायत ते!"

जमीन फाटावी आणि मी आत जावं असं वाटलं, आणि फाटली असती तर जागाही अगदी योग्य होती. म्हाताऱ्याने माझ्या हातातल्या पुडीकडे बोट दाखवलं. "आणि हे कशाला?"

माझ्या तोंडून निघालं ते असं, "सर... मसाला. करी."

म्हातारा बघतच राहिला. आणि मागून मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "हबीबी, तू माझ्या पणजीची करी करणार होतीस?"

"ममी, यात हसण्यासारखं काय आहे?"

"माझ्या आईला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तिचं तोंड कोणी धुतलंय का, सांग. मी नाही. तू नाही. हिने धुतलं."

म्हाताऱ्याचं लक्ष मात्र आता दुसरीकडे होतं. तो पायथ्याशी गुडघ्यांवर बसला होता. जिथे मी घासलं होतं तिथे दगडात अक्षरं निघाली होती, बारीक, उथळ. त्याने चष्मा वर केला आणि बोट फिरवत एकेक शब्द वाचला. वर ज्या पणजीचं नाव आहे तिचा नवरा, आगबोटीवरचा इंजिनियर, एडनला तापाने वारला आणि तिथेच पुरला आहे. ही ओळ त्यालाही माहीत नव्हती. क्षणापूर्वी माझ्यावर चिडलेला तो माणूस खिशातून छोटी वही काढून भक्तिभावाने लिहून घ्यायला लागला.

"एडन," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तो इथे नाहीच?"

"नाव इथे आहे, तो तिकडे," म्हातारा आता सावकाश म्हणाला. "त्या काळात असं पुष्कळांचं असायचं. बायको म्हणाली असेल, निदान नाव तरी माझ्याजवळ राहू दे."

एडन म्हणजे आपल्या अरबस्तानच्याच टोकाचं बंदर, वाळू आणि खडक, हे मला मॅडमनीच मागाहून सांगितलं. मग त्यांनी मांडीवर हात आपटला. "खलास. मी तुझ्या डॅडीजवळ. इथे फक्त नाव."

"आणि तिथे येणार कोण, ममी?" छोट्या मॅडमचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझी बदली झाली तर? हिचा व्हिसा संपला तर? इथे झाडं आहेत, माणसं येतात जातात. तिथे वाळू आहे. एक वादळ आलं की तुझं नाव कुणाला दिसणारसुद्धा नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्यावर ओझं पडू नये म्हणून असेल. माझ्या ओठांवर आलं होतं, मी येईन. दोनच शब्द. पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात, परक्या देशात, आत्ताच केलेल्या चुकीनंतर, ते दोन शब्द माझ्याने बाहेर काढवेनात. मी पुडी घट्ट धरून उभी राहिले.

परतताना विमानात मॅडमनी विचारलं, "तुझ्या नवऱ्याची कबर कोण धुतं?" मी सांगितलं, कबर नाही आता. आमची रीत सांगितली. दोन दिवसांनी अल ऐनच्या घरी त्या म्हणाल्या, "त्याचं नाव तुझ्या अक्षरात कसं लिहितात, दाखव." मी या वहीत लिहून दाखवलं, कशासाठी ते विचारायला धजले नाही. त्या आठवड्यात एका सकाळी झाडांना पाणी घालत होते, तर मोगऱ्याच्या कुंडीत नवी पट्टी. खिळ्याने कोरलेलं माझ्या नवऱ्याचं नाव, मराठीत. मॅडमचा हात कापायचा, त्यामुळे अक्षरं उतरत खाली गेलेली, तरी पूर्ण. मी कुंडीशी बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाही. मॅडम आतून ओरडल्या, "यल्ला, चहा!"

मागच्या एप्रिलमध्ये मॅडम गेल्या. साहेबांच्या शेजारी, वाळूत. घर आवरताना छोट्या मॅडमनी विचारलं, तुला काय हवं? मी मोगऱ्याची कुंडी मागितली. आता मी इथेच एका पुण्याच्या कुटुंबाकडे काम करते, कुंडी त्यांच्या बाल्कनीत आहे. काही महिन्यांनी छोट्या मॅडमनी फोनवर एक फोटो पाठवला. त्याच उतारावरचा दगड, पायथ्याशी एडनची ओळ, आणि तिच्याखाली मॅडमचं नाव, नवं कोरलेलं. त्यापुढचा शब्द मला वाचता आला, कारण बसच्या पाट्यांवर तो मी रोज बघते. अल ऐन. मी घासलेला भाग अजून तसाच उजळ होता, मळक्या गर्दीत एकच तोंड धुतलेलं असावं तसा.

आज मॅडमना वर्ष झालं. दर रविवारी जाते तशीच गेले. पिशवीत मेणबत्त्या, पाणी, घासणी, आणि ओल्या रुमालात मोसमाचा पहिला मोगरा. फाटकातून आत आले तर मॅडमच्या कबरीशी कोणीतरी वाळूत गुडघे टेकून बसलेलं. जवळ निळी बादली. छोट्या मॅडम! हातात नवीकोरी घासणी, कागदी वेष्टण अजून अर्धं लागलेलं. दगडावर वाळू आणि पाण्याचा चिखल झाला होता आणि तो त्या गोल गोल फिरवत होत्या.

"वरून खाली," मी म्हणाले. आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा काही सांगितलं. "आधी कोरडी वाळू झटकायची, मग पाणी."

त्यांनी वर पाहिलं. "इथला माणूस सांगत होता, एक बाई दर रविवारी येते. तू?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी मी विचारलं होतं, कोण येणार. तू तिथेच उभी होतीस. बोलली का नाहीस?"

"बोलता आलं नाही, मॅडम."

त्यांनी ओठ दाबून धरले, मग हसल्याच. "हातात ममीच्या पणजीची करी होती ना," म्हणाल्या. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं, आणि मी घाईने बादली उचलून नळाकडे गेले. परत आले तेव्हा त्या फडक्याने वाळू झटकत होत्या, नीट, वरून खाली. मग आम्ही दोघींनी मिळून दगड धुतला, शेजारचा साहेबांचाही. मोगरा दोन भागांत वाटला. ओली अक्षरं थोडा वेळ काळीभोर दिसली, आणि बघता बघता उन्हाने वाळून दगडाच्या रंगाची झाली.

निघताना त्यांनी विचारलं, "किती वाजता येतेस?"

"सातला. नंतर ऊन तापतं."

"ओके. सात."

आता बाल्कनीत बसून हे लिहिते आहे. वही उघडली तशी मधली पुडी घसरून मांडीवर पडली. त्या म्हाताऱ्याने ती माझ्याकडून घेतली नव्हती. आता काढलंच आहेस तर ठेव, म्हणाला होता. मसाल्यात घालायचा मला कधी धीर झाला नाही. नाकाशी नेली की अजून ओल्या मातीचा, जुन्या झाडाचा वास येतो. तिकडे त्या उजळ जागेवर दगडफूल पुन्हा धरलं असेल, नखाएवढंसुद्धा नाही. ती जागा पूर्ण भरेल तेव्हा मी नसेन, छोट्या मॅडमही नसतील, आणि पायथ्याच्या दोन्ही ओळी पुन्हा झाकल्या जातील, कुणी घासणी घेऊन येईपर्यंत. इकडे वाळूला इतका धीर नाही, ती संध्याकाळपर्यंतच अक्षरांत येऊन बसते. आजही बसली असेल. माझा व्हिसा एक दिवस संपेल, त्यांची बदली होईल, आणि मग ती कायमची बसेल, हेही मला कळतं. पुढच्या रविवारी मात्र नाही.